चाळीस रुपयांचं पाणी

१९ मार्च १९२७ला महाडमध्ये कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. कोकणातल्या मार्चच्या उन्हात दोन-अडीच हजारांवर माणसं जमली होती. गावात तळी होती, विहिरी होत्या, पण या माणसांसाठी एकही पाणवठा खुला नव्हता. परिषदेच्या चालकांनी चाळीस रुपये मोजून सवर्णांकडून पाणी विकत घेतलं. दुसऱ्या दिवशी, २० मार्चला, ती सगळी माणसं चवदार तळ्यावर गेली. बाबासाहेब पुढे होते. त्यांनी ओंजळीने पाणी घेतलं आणि मग मागच्यांनी घेतलं.

शताब्दीच्या बैठकांत हा चाळीस रुपयांचा आकडा मी एकदाही ऐकला नाही. जे आकडे ऐकले ते कोटींचे, चौरस फुटांचे, पुतळ्याच्या उंचीचे, पार्किंगमध्ये मावणाऱ्या बसगाड्यांचे. २०२७मध्ये सत्याग्रहाला शंभर वर्षं होतात, तेव्हा महाडला एक भव्य, कायमस्वरूपी, देशात कुठे नाही अशी वास्तू उभी राहिलीच पाहिजे, असा आग्रह धरणारी मंडळी माझ्या ओळखीची आहेत. त्यांतल्या काहींबरोबर मी मोर्च्यांत चाललो आहे, जेवलो आहे, भांडलो आहे. त्यांच्या हेतूबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्यांचा आग्रह मात्र मला पूर्णपणे चुकीचा वाटतो. बैठकीत दोन मिनिटांत जे सांगता येत नाही ते इथे सविस्तर लिहितो.

पण त्याआधी एक बाजू साफ केली पाहिजे. बाबासाहेबांच्या नावाची कुठलीही वास्तू निघाली की ‘त्यापेक्षा दवाखाना बांधा, शाळा बांधा’ असं म्हणणारा एक वर्ग आपल्याकडे कायम हजर असतो. हाच वर्ग इतरांच्या पुतळ्यांपुढे, मंदिरांच्या कळसांपुढे आणि सभागृहांपुढे गप्प असतो. त्याला दवाखान्याची आठवण फक्त निळा झेंडा दिसला की होते. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने १९७८ साली केला. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ला. मधल्या सोळा वर्षांत माणसं मारली गेली, वस्त्या जाळल्या गेल्या. त्या काळातही ‘नावाने काय पोट भरतं का’ असं विचारणारे होतेच. ज्यांना गावाच्या वेशीत, तळ्याच्या काठावर, शाळेच्या वर्गात उभं राहू दिलं नाही, त्यांनी भर चौकात आपली जागा मागणं हा हक्काचा भाग आहे. माझा विरोध या मागणीला नाही. या मागणीत काहीतरी फार मोठं हरवतंय आणि शताब्दी त्यावर काँक्रीट ओतणार आहे, एवढंच मला म्हणायचं आहे.

वास्तूवाल्यांचा पहिला मुद्दा असा की शताब्दी एकदाच येते, म्हणून त्या दिवशी काहीतरी उभं असलं पाहिजे. या म्हणण्याच्या मुळाशी एक समजूत आहे. महाडचा सत्याग्रह २० मार्च १९२७ला झाला, त्या दिवशी पाणी प्यालं गेलं आणि तळं खुलं झालं, असं बहुतेकांच्या मनात पक्कं बसलंय. शाळेच्या पुस्तकातल्या दोन ओळींनी ते बसवलंय. खरं घडलं ते असं नाही.

४ ऑगस्ट १९२३ला सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात ठराव मंजूर करून घेतला: सरकारी पैशांनी बांधलेले आणि चालवलेले पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४मध्ये त्याला धरून चवदार तळं खुलं केलं. म्हणजे कागदावर तळं १९२४लाच खुलं होतं. पुढची तीन वर्षं त्या ठरावाच्या जोरावर कुणाला तिथलं पाणी पिता आलं नाही. २० मार्चला जे झालं ते एका आधीच मंजूर झालेल्या ठरावाची अंमलबजावणी होती, आणि ती अंमलबजावणी नगरपालिकेने नव्हे, ज्यांच्यासाठी ठराव होता त्यांनीच केली.

त्यानंतर काय झालं? आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी आवई उठली. काठ्या घेऊन जमाव परिषदेच्या मांडवावर चालून आला. जेवत असलेल्या, परतीची बांधाबांध करणाऱ्या माणसांना मारलं, अन्न मातीत कालवलं. काहींना मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला. जूनमध्ये खटल्याचा निकाल लागला आणि हल्लेखोरांपैकी पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. तोवर तळ्याचं ‘शुद्धीकरण’ उरकलं होतं. पंचगव्याच्या एकशे आठ घागरी पाण्यात ओतून सनातन्यांनी ते पाणी आपल्यापुरतं पिण्याजोगं करून घेतलं. आणि ४ ऑगस्ट १९२७ला महाडच्या नगरपालिकेने आपला १९२४चा ठराव मागे घेतला. बोल्यांच्या ठरावानंतर बरोबर चार वर्षांनी, त्याच तारखेला.

डिसेंबरात पुन्हा परिषद ठरली. कुणी हिंदू जमीन द्यायला तयार होईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. सनातन्यांनी १२ डिसेंबरला दिवाणी दावा लावला. १४ डिसेंबरला कोर्टाने मनाई हुकूम दिला. बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी मुंबईहून पद्मावती बोटीने निघाले, दासगावच्या बंदरात उतरले आणि तिथून पाच मैल चालत महाडला आले. २५ डिसेंबरच्या रात्री गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांच्या पुढाकाराने मनुस्मृती जाळली गेली. तळ्यावर मात्र जायचं नाही असं परिषदेने ठरवलं, कारण हुकूम कोर्टाचा होता. जमलेल्या हजारो माणसांना हे पटवून देणं सोपं नव्हतं. ते तळ्याला वळसा घालून मिरवणुकीने गेले आणि परतले, ओंजळ न भरता.

मग दावा चालला. खालच्या कोर्टाचा निकाल १९३१ साली बाबासाहेबांच्या बाजूने लागला. सनातनी अपिलात गेले. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आला तो १७ मार्च १९३७ला. तो देणाऱ्या खंडपीठात ब्रूमफील्ड होते, १९२२ साली अहमदाबादला गांधीजींना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे तेच. तळ्यावर अस्पृश्यांना मज्जाव करण्याची अनादी काळापासूनची वहिवाट आहे, हे वाद्यांना सिद्ध करता आलं नाही, असं न्यायालयाने ठरवलं. ओंजळीतल्या पाण्याला कायद्याची मान्यता मिळायला दहा वर्षं लागली.

हे सगळं विस्ताराने सांगितलं कारण माझा सगळा वाद यावर उभा आहे. महाडची शताब्दी एका दिवसाची नाहीच. ती २० मार्च २०२७ला सुरू होते आणि १७ मार्च २०३७ला पुरी होते. मधल्या दहा वर्षांत ठराव रद्द झाल्याची शताब्दी येते, मनाई हुकुमाची येते, मनुस्मृती दहनाची येते, खालच्या कोर्टाच्या निकालाची येते. फीत कापून उद्घाटन करण्याजोगी वास्तू फक्त पहिल्या दिवसाला शोभते. विजयाचा तेवढा क्षण ती घेते आणि उरलेली दहा वर्षं, म्हणजे सत्याग्रहाचा अवघड, चिवट, कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारा भाग, बाहेर ठेवते. आजच्या पोरापोरींना नेमका तोच भाग माहीत असण्याची गरज आहे. हक्काचा कागद मिळाला तरी तो पुन्हा हातातून जाऊ शकतो, आणि तो परत मिळवायला दहा-दहा वर्षं लागतात, हे कुठलाही घुमट सांगत नाही.

दुसरा मुद्दा जरा जास्त भावनेचा आहे: पुढच्या पिढीला दिसायला काहीतरी हवं. मी विचारतो, दिसायला काय नाही? तळं आहे, त्याच्या काठाशी बाबासाहेबांचा पुतळा आहे. क्रांतिस्तंभ आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर राष्ट्रीय स्मारक आहे, त्याला सभागृहही आहे. एका मध्यम आकाराच्या गावात एका घटनेची तीन स्मारकं आज उभी आहेत. चौथं उभं राहिल्याने घटना चौपट कळत नाही.

जे दिसत नाही ते वेगळंच आहे. तळ्याकाठी उभ्या असलेल्या बारा वर्षांच्या मुलीला रामचंद्र बाबाजी मोरे दिसत नाहीत. महाडच्या इंग्रजी शाळेत प्रवेश मिळवण्यासाठी हा माणूस पोरवयात झगडला होता. परिषदेची कल्पना त्याने मनात धरली, गावोगाव फिरून माणसं जमवली, बाबासाहेबांना महाडला आणलं. परिषदेच्या तयारीत राबलेले अनंतराव चित्रे तिला दिसत नाहीत. नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस दिसत नाहीत. महाड तालुक्यातल्याच रावढळचे गोपाळबाबा वलंगकर दिसत नाहीत. पलटणीतून निवृत्त होऊन आलेल्या या माणसाने १८८८ साली ‘विटाळ विध्वंसन’ लिहून या जमिनीत पहिला नांगर घातला होता. फत्तेखान दिसत नाही. २७ डिसेंबरला बाबासाहेबांनी ज्या बायकांशी त्यांच्या लुगड्या-दागिन्यांबद्दल, राहणीबद्दल, मुलींच्या शिक्षणाबद्दल मोकळेपणाने संवाद साधला, त्या बायका तर कुणालाच दिसत नाहीत. पुतळा एकाचाच असतो. सत्याग्रह त्या सगळ्यांचा होता आणि बाबासाहेबांनीही तो तसाच चालवला. ब्राह्मणांना वगळलं तर पाठिंबा देऊ, असा निरोप ब्राह्मणेतर चळवळीतल्या जेधे-जवळकरांनी पाठवला तेव्हा त्यांनी तो नाकारला होता. ज्यांना सोबत यायचं त्यांना येऊ दिलं, म्हणून मनुस्मृती जाळण्यात ब्राह्मण असलेले सहस्रबुद्धे होते.

ही माणसं दाखवायला वास्तू लागत नाही. तळ्याच्या भोवती फिरणाऱ्या माणसाला वाचता येईल असा मजकूर लागतो. जानेवारी १९२४चा ठराव आणि ४ ऑगस्ट १९२७चा तो रद्द करणारा ठराव, दोन्ही शेजारीशेजारी दगडात कोरा. नगरपालिकेने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या नावाने कोरावेत. आपल्या पूर्वसुरींनी जे मागे घेतलं त्याची नोंद एखादी संस्था उघड्यावर करते, हे या देशात फारसं घडत नाही. महाडने ते केलं तर कुठल्याही उंचीच्या पुतळ्याहून मला ते मोठं वाटेल. उच्च न्यायालयाचा निकाल शाळेतल्या मुलाला कळेल अशा मराठीत करून घ्या आणि तालुक्यातल्या प्रत्येक शाळेत पोचवा. दासगाव ते महाड हा पाच मैलांचा रस्ता आता मुंबई-गोवा महामार्गाच्या धुरळ्यात बुडाला आहे. त्याच्या कडेने चालता येईल अशी सावलीची वाट करा. दासगावच्या बंदराला तेवढा एक फलक लावा. याच दासगावावर जुलै २००५मध्ये दरड कोसळली होती. त्या गावानेही बरंच सोसलंय, बाबासाहेब तिथे उतरले होते हे तिथल्या मुलांना ठाऊक असायला काय हरकत आहे?

तिसरा मुद्दा ऐकताना मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं: बाकीच्यांची स्मारकं होतायत, आपण का मागे राहायचं? अरबी समुद्रातल्या शिवस्मारकाचं जलपूजन २४ डिसेंबर २०१६ला झालं. त्या पाण्यात आजवर काय उभं राहिलं ते किनाऱ्यावरून कुणीही पाहू शकतं. इंदू मिलच्या जागेवरच्या बाबासाहेबांच्या स्मारकाचं भूमिपूजन ११ ऑक्टोबर २०१५ला झालं. त्यानंतर पुतळ्याची उंची अडीचशे फुटांवरून साडेतीनशे फुटांवर न्यायचं ठरलं, खाली शंभर फुटांचा चौथरा वेगळा. दहा वर्षांत ते पुरं झालं नाही. उंचीची चर्चा सुरू झाली की दुसरी कुठलीच चर्चा उरत नाही, आणि स्मारक पुरं होण्याआधीच त्याचा उपयोग सुरू होतो: भूमिपूजनाच्या फोटोसाठी, निवडणुकीच्या भाषणासाठी, ‘लवकरच’ या शब्दासाठी. महाडने या रांगेत जाऊन उभं राहावं असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारीन: १९२४ ते १९२७ या तीन वर्षांत महाडमध्ये नेमकं हेच घडलं नव्हतं का? ठराव होता, पाणी नव्हतं.

यावर कुणी म्हणेल, तुम्ही वास्तूंच्याच विरोधात आहात. नाही. बाबासाहेबांनी स्वतः वास्तू उभ्या केल्या. दादरला राजगृह बांधलं, त्यातली सगळ्यात मोठी जागा पुस्तकांना दिली. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ला मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केलं, १९५०ला औरंगाबादला मिलिंद. पैसे कुठून आणायचे, बाकं किती लागतील, ग्रंथालयात काय असेल याची ते स्वतः काळजी वाहत. पण तेच बाबासाहेब १८ जानेवारी १९४३ला पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या एकशे एकाव्या जयंतीच्या कार्यक्रमात बोलायला उभे राहिले तेव्हा त्यांनी विभूतिपूजेवरच हल्ला चढवला. जयंतीच्या व्यासपीठावरून जयंतीच्या वृत्तीवर बोट ठेवलं. सहा वर्षांनी संविधान सभेत २५ नोव्हेंबर १९४९ला राजकारणातल्या भक्तीबद्दलचा इशारा त्यांनी दिला तो याच धाग्यातला. त्यांच्या सत्याग्रहाच्या शताब्दीची आखणी करताना ही दोन भाषणं टेबलावर ठेवून बसावं, एवढी माझी मागणी आहे. आणि वास्तू बांधायचीच असेल तर त्यांच्या वास्तूंत जे होतं ते आपल्या वास्तूत आहे का, हे आधी पाहावं: आत येऊन बसता येतं का, वाचता येतं का, काही शिकून बाहेर पडता येतं का.

महाडला तशी एक खोली खरोखर हवी आहे. सत्याग्रहाचे कागद, ‘बहिष्कृत भारत’चे अंक, कोर्टाच्या कागदांच्या प्रती, नगरपालिकेची कार्यवृत्तं, साक्षीदारांच्या घरांत पडून असलेल्या वह्या आणि फोटो, हे सगळं एका ठिकाणी येऊन अभ्यासाला खुलं व्हायला हवं. पण ती खोली कुठे बांधायची याचाही विचार आहे. सावित्रीच्या काठचं हे गाव जुलै २०२१च्या पुरात बुडालं होतं, घरांच्या पहिल्या मजल्यांपर्यंत पाणी आलं होतं. त्या पाण्याची रेघ ज्यांनी भिंतीवरून खरवडून काढली ती माणसं अजून तिथेच राहतात. जुना कागद त्या रेघेच्या वर ठेवावा लागेल. भव्य वास्तूच्या आराखड्यावर बोलणाऱ्या कुणाच्या तोंडून मी अजून ही रेघ ऐकलेली नाही.

आता पाण्याबद्दल. इथे माझे मित्र मला बाबासाहेबांचंच डिसेंबर १९२७चं भाषण ऐकवतात. त्यात त्यांनी स्पष्ट केलं होतं की तळ्याचं पाणी प्यायल्याने कुणी अमर होणार नाही. आम्ही तिथे जातो ते इतरांसारखी आम्हीही माणसं आहोत हे सिद्ध करायला. मुद्दा समतेचा होता, तहानेचा नव्हता. मग तू पाण्यावर का अडून बसतोस, असं ते विचारतात.

त्यांचं वाचन बरोबर आहे, पण त्यावरून ते जो निष्कर्ष काढतात तो बरोबर नाही. समता मोजायला बाबासाहेबांनी पाण्याचं माप वापरलं, कारण त्यात फसवाफसवी करता येत नाही. समतेवर भाषण कुणीही देतं. तळ्यावर मात्र माणूस एक तर पाणी पिऊ शकतो किंवा पिऊ शकत नाही. तेच माप आज लावून बघा. महाड आणि पोलादपूर तालुक्यांत पावसाळ्यात आभाळ फाटतं आणि एप्रिल-मेमध्ये वाड्यांवर टँकर फिरतो. कुठल्या वाडीला टँकर, कुठल्या वाडीला नळ, नळाची वाहिनी कुठल्या घरापाशी येऊन थांबते आणि त्या घराच्या पलीकडे कोण राहतं, याची यादी केली तर समतेबद्दल जे कळेल ते कुठल्याही परिसंवादात कळणार नाही. ही यादी शताब्दी समितीने करावी. तरुण पोरांना हाताशी घेऊन, वाडी-वाडीवर जाऊन, नावानिशी करावी आणि २० मार्चला तळ्याकाठी मोठ्याने वाचावी. ‘दवाखाना बांधा’ म्हणणाऱ्यांच्या पंगतीत मला बसवू नका. तो माणूस स्मारकाऐवजी दुसरं काहीतरी द्या म्हणतो. मी म्हणतो की सत्याग्रह ज्या गोष्टीसाठी झाला तीच गोष्ट स्मारकात असली पाहिजे.

आणि अगदी पहिली, सगळ्यात छोटी गोष्ट. दर वर्षी २० मार्चला आणि २५ डिसेंबरला राज्यभरातून, राज्याबाहेरून माणसं महाडला येतात. म्हाताऱ्या बायका येतात, कडेवर पोरं घेऊन आया येतात, रात्रभर एसटीत उभं राहून कॉलेजची मुलं येतात. त्यांतले बहुतेक जण कुठल्याही सभागृहात जात नाहीत, त्यांना तिथे जागाही नसते. ते तळ्याच्या पायऱ्यांवर येतात, हात जोडतात, पाण्याला हात लावतात, आणि मग जवळच्या टपरीवरून पाण्याची बाटली विकत घेतात. शंभर वर्षांपूर्वी चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं म्हणून जो लढा उभा राहिला, त्याच्या काठावर आज वीस रुपयांची बाटली विकत घेतली जाते. हे मला सहन होत नाही, आणि ज्याला सहन होतं त्याने शताब्दीचा खर्च ठरवू नये असं मी स्पष्टच म्हणतो.

तेव्हा माझी मागणी अशी आहे. २० मार्च २०२७ला महाडमध्ये येणाऱ्या एकाही माणसाला पाणी विकत घ्यावं लागू नये. नगरपालिकेने, नगरपालिकेच्या खर्चाने, तपासलेलं, थंड, पिण्याचं पाणी तळ्याच्या चारही बाजूंना द्यावं. बायकांसाठी स्वच्छ, पुरेशी स्वच्छतागृहं असावीत, सावली असावी, चुकलेल्या म्हाताऱ्या माणसाला बसायला जागा असावी. चवदार तळ्याच्या पाण्याची तपासणी दर आठवड्याला व्हावी आणि तिचा निकाल तळ्याकाठच्या फळ्यावर लिहिला जावा. ते पाणी पिण्याजोगं नसेल तर तसं लिहावं, आणि ते पिण्याजोगं कधी होईल याची तारीखही लिहावी. एवढं झाल्यावर जे पैसे उरतील त्यांतून कागदपत्रांची ती खोली बांधा. मग मी स्वतः विटा उचलायला येतो.

वास्तूवाल्यांचा शेवटचा मुद्दा असतो की या सगळ्या गोष्टी छोट्या आहेत, त्यांनी देशाचं लक्ष महाडकडे जाणार नाही. १९२७च्या मार्चमध्ये तरी देशाचं लक्ष कुणी मागितलं होतं? जिल्ह्याची परिषद होती. कुलाबा जिल्ह्याची, ज्याचं नाव १९८१ साली रायगड झालं. एका जिल्ह्यातल्या बहिष्कृतांनी आपल्याच तालुक्याच्या गावच्या नगरपालिकेचा ठराव खरा करून दाखवला. देशाने नंतर लक्ष दिलं ते गोष्ट इतकी स्थानिक आणि इतकी खरी होती म्हणूनच. शताब्दीतही महाडने महाडचंच काम करावं.

शताब्दीचं वर्ष सुरू झालं की २० मार्चला महाडला लाखोंची गर्दी होईल. मंत्री येतील, हेलिकॉप्टर उतरेल, टीव्हीवाले येतील. त्या दिवशी जमलं तर या, नाही जमलं तरी चालेल, तुमच्यावाचून तिथे काही अडणार नाही. पण ४ ऑगस्ट २०२७ला नक्की या. त्या दिवशी भर पाऊस असेल, मांडव नसेल, व्यासपीठ नसेल. त्या तारखेला १९२७ साली महाडच्या नगरपालिकेने दिलेला हक्क परत घेतला होता. त्या दिवशी आपण सगळे नगरपालिकेच्या दारापाशी जाऊ आणि ते दोन्ही ठराव दगडावर कोरलेत का, ते पाहू.